एलायझाचे दुकान

रस्त्यावर फुले विकणारी एलायझा प्राध्यापक हिगिन्स यांच्याकडे शुद्ध बोलणे शिकायला येते, ती फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी म्हणून. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या सुखात्मिकेचे हे मूळ. याच कथेवरील ‘माय फेअर लेडी’ या १९६४ च्या संगीतमय चित्रपटात ती अखेरीस हिगिन्सकडे परतते. शॉ यांना मात्र असा शेवट मान्य नव्हता. १९१६ साली जोडलेल्या उपसंहारात त्यांनी तिचा विवाह फ्रेडीशी लावला आणि कर्नल पिकरिंगच्या भांडवलावर तिला दुकान थाटून दिले. आरंभी हिशेब जमेना, तूट येई; कालांतराने धंदा सावरला. चित्रपटाने प्रेक्षकांना मधुर गीते व प्रीतीचा सुखान्त दिला. एलायझाचे दुकान तेवढे पडद्यावर उघडलेच नाही.