सामान बाहेरून द्या!



पुरणपोळीच्या कृतीत 'हरभऱ्याची डाळ घ्या' असे लिहिलेले असते. ती कुठल्या दुकानातून आणायची, हे लिहिलेले नसते. डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ मध्ये निघाले. आता तिथे डाळ मिळणारी दुकाने अनेक आहेत. एखादे बंद असले, तरी कृती बदलावी लागत नाही.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहितानाही हीच सवय कामी येते. तिला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. (घाबरू नका, सुई टोचत नाहीत!) मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखामुळे हे नाव रूढ झाले.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मली. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस तयार केले आणि ती सर्व्हरवरही सर्रास वापरली जाऊ लागली.

समजा, आपल्याला सर्व्हरवर एक प्रोग्रॅम हवा आहे: दर शनिवारी पालकांना ईमेलने वर्गाची आठवण करायची. प्रोग्रॅमने स्वतःच तारीख पाहिली आणि स्वतःच ईमेल पाठवली, तर तो तपासणार कसा? शनिवारपर्यंत थांबावे लागेल, शिवाय दर तपासणीला घरोघरी खरे पत्र जाईल. वर्ग नसताना 'उद्या वर्ग आहे' असा निरोप गेला, तर शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत एखादे कुटुंब तासभर गाडी चालवत येईल आणि दाराला कुलूप!

म्हणून वार आणि पाठवण्याचे काम, दोन्ही बाहेरून द्यायचे. गंमत म्हणजे, जावास्क्रिप्टमध्ये आपण ठेवलेली नावे देवनागरीतही चालतात:

आठवण = (वार, पाठव) =>
  वार === "शनिवार" && पाठव("उद्या मराठीचा वर्ग आहे")

'पाठव' हे काम कोण करणार, हे या ओळींना ठाऊक नाही. तपासताना आपण त्यांना नकली पोस्टमन देतो. तो पत्र न टाकता निरोप फक्त वहीत लिहून ठेवतो. 'शनिवार' दिला, तर वहीत एकच निरोप हवा. 'बुधवार' दिला, तर वही कोरी हवी. हे आपण कुठल्याही दिवशी तपासू शकतो. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो, त्या एकाच फाईलमध्ये खरा वार आणि खरी ईमेल जोडून द्यायची. यासाठी मोठी अवजारे लागत नाहीत, साधा कंस पुरतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवू या. सगळेच बाहेरून देऊ नये. साध्या बेरजेला त्याची गरज नाही. घड्याळ, टपाल, माहितीचा साठा अशा बाहेरच्या गोष्टींपुरतेच ते ठेवावे. दुसरे, नकली पोस्टमन पास झाला म्हणजे खरी ईमेल पोचेलच असे नाही. एक पत्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहावेच.

गृहपाठ: बर्फामुळे सुट्टी असेल, तर निरोप जाता कामा नये. त्यासाठी कंसात तिसरे काय द्याल? आई-बाबांबरोबर बसून लिहून आणा.