‘एवढ्या लहान वयात संधिवात?’ : सोबत कशी करायची, मागणी कुठे लावायची

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ बरेच कापलेत, तरी थोडे राहिलेच असतील.

तर, संधिवात. लगेच आजीचे गुडघे आठवले ना? तो झिजेचा प्रकार. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट दिसतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस तर बहुतेकदा विशी-तिशीतच सुरू होतो. आणि हो, सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही संधिवात होतो.

तुमच्या वयाचा कुणी तीन महिन्यांहून जास्त काळ कंबरदुखीची तक्रार करत असेल, आराम केल्यावर दुखणं वाढत असेल आणि हालचाल केल्यावर कमी होत असेल, सकाळी अर्धा-एक तास अंग ताठलेलं असेल, तर ‘खुर्ची बदल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवा. उपचार लवकर सुरू झाले तर सांध्यांचं बरंच नुकसान टळू शकतं.

आता सोबतीचं बोलू. पहिली गोष्ट म्हणजे सल्ले थांबवा. मेथी, लसूण, अमुक तेल, सगळं त्यांनी तुमच्या आधी ऐकलेलं असतं. त्यापेक्षा ‘आज कसं आहे?’ विचारा. ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा, कारण हा आजार रोज सारखा नसतो. काल ट्रेकचे फोटो टाकणारा माणूस आज शर्टाची बटणं लावू शकत नाही, आणि मग लोक म्हणतात, नाटक करतोय. माझ्या टीममधल्या एकाला हे ऐकावं लागायचं. त्याची सकाळ वाईट जायची आणि आमची रोजची मीटिंग नऊला. ती साडेअकराला नेली, बस्स. एक पैसा खर्च झाला नाही.

घरीही तसंच. पीठ मळणं, कुकरचं झाकण, बरणीचं फिरकीचं झाकण, गोल नॉब असलेला नळ, खरी झुंज इथे असते. नळाला लांब दांड्याची तोटी बसवून द्या, सोलाण्याची मूठ जाड करा. यावरून एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता, साधं सोलाणं धरवेना. त्यातून जाड, मऊ मुठीची ऑक्सो कंपनीची भांडी-अवजारं १९९० मध्ये बाजारात आली आणि ज्यांचे हात ठणठणीत होते त्यांनीही ती उचलली. अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, तुमची इवलीशी बटणं आठवा. आणि मराठी व्हॉइस टायपिंग फोनमध्ये आहे, ते घरच्यांना चालू करून द्या.

एक अगदी गंभीर गोष्ट. मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइडचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. तुम्ही घरच्यांच्या फोनवर रिमाइंडर लावून देता ना? मग तो ‘दररोज’ नाही, ‘दर आठवड्याला’ आहे हे दोनदा बघा, आणि वार औषधाच्या पाकिटावरही ठळक लिहा.

आता मागणीचं. दिव्यांगांचा १९९५ चा कायदा सात प्रकार मानायचा. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. थॅलसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आले. संधिवाताचं नाव मात्र नाही. रुग्णाला चलनवलनाच्या दिव्यांगत्वातून जावं लागतं, आणि नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजून हे टक्के काढतात. थकवा आणि कमीजास्त होणारं दुखणं त्यात कसं मोजणार? नवा प्रकार अधिसूचनेनं जोडायची मुभा त्याच कायद्यात केंद्राला आहे. म्हणजे मागणी हवेत नाही, तिला जागा आहे. आपल्या खासदाराला लिहायचं ते हेच.

दर खाली येतात हेही पाहिलंय. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या वर असलेला नेहमीचा प्रकार ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. पण तरुण रुग्णाचा खर्च ऑपरेशनचा नसतो, महिन्याच्या गोळ्या-इंजेक्शनांचा आणि रक्त तपासण्यांचा असतो, आणि बहुतेक आरोग्य विमा अ‍ॅडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाही. तुमच्या कंपनीचा ग्रुप विमा पुढच्या वेळी रिन्यू होईल तेव्हा ओपीडीचा खर्च मागा. एकट्यानं नाही, दहा-पंधरा जणांनी मिळून.

आणखी एक. २०१६ च्या कायद्यानं खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण करायला लावलंय. बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. १२ ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो. स्टेटस ठेवायचा तर ठेवा, पण त्या दिवशी एचआरला दोन ओळींचा मेलही टाका: ‘आपलं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल? संधिवात असलेल्या कर्मचाऱ्याला उशिरा येण्याची किंवा घरून काम करण्याची सोय त्यात आहे का?’ उत्तर आलं की आम्हालाही कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू, कंपनीचं नाव न घेता.