घड गेला, खोड उरले

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी पाहिली असेल, तर हे दृश्य ओळखीचे वाटेल. घड खांद्यावरून बांधापर्यंत येतो, ट्रकमध्ये चढतो आणि उत्तरेकडे रवाना होतो. मागे उरते ते खोड. केळीच्या खोडाला आयुष्यात एकदाच घड लागतो. पुढचे पीक शेजारच्या पिलाचे. त्यामुळे जुने खोड कापून बांधावर टाकायचे, नाही तर तुकडे करून बागेतच कुजवायचे. हेक्टरी ६० ते ८० टन ओले खोड निघते, असा आकडा संशोधकांच्या लेखनात वारंवार येतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळाला. खोडाकडे फारसे कोणी पाहत नाही.

पाहतात ते विद्यार्थी. बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळे अशा ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाची रसायन तंत्रज्ञान संस्था जळगावातच आहे. एम.टेक.चा विषय शोधणाऱ्याला खोडाचा धागा चटकन सुचावा, यात नवल नाही. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते. अशा ठिकाणी केळीच्या धाग्याची पिशवी मांडली की लोक थांबून पाहतातच.

पण खोडातून धागा निघतो का, हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. नवसारी कृषी विद्यापीठाने खोडापासून धागा आणि कागद, तर रसापासून द्रवरूप खत, यांवर बरेच काम केले आहे. अहमदाबादच्या ‘साथी’ या उद्योगाने केळीच्या धाग्यापासून सॅनिटरी पॅड बनवून बाजारात आणले. त्याच्या संस्थापकांपैकी क्रिस्टीन कागेत्सू या अमेरिकेतल्या एमआयटीच्या पदवीधर. मग आपल्या विद्यार्थ्याने करायचे काय?

खरी अडचण वजनाची आहे. खोडात दहापैकी नऊ भाग पाणी असते. चाळीस किलोच्या खोडातून वाळलेला धागा निघतो जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. म्हणजे रावेरहून दहा टन खोड धुळ्याच्या एखाद्या कारखान्यात नेले, तर डिझेल जाळून आपण नऊ टन पाणीच हिंडवले. खोड साठवूनही चालत नाही. केळीच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे खान्देशात लहान पोरालाही ठाऊक आहे. रसातले पॉलिफिनॉल हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी पडतात, तोच हा डाग. कापलेले खोड दोन-तीन दिवस पडून राहिले की धाग्याचा रंगही असाच जातो.

तेव्हा यंत्रानेच बागेत जायला हवे, आणि तिथे वीज आडवी येते. शेतात थ्री-फेज ठरावीक तासच, आणि पाळी असेल तर तीही रात्री. मग किती ताकदीची मोटर हवी? ट्रॅक्टरवर यंत्र चालले तर धाग्यामागे डिझेल किती पडेल? अभियांत्रिकीचा हा अगदी शुद्ध प्रश्न आहे, आणि प्रदर्शनातल्या पिशवीवरून त्याचे उत्तर कळत नाही.

आरोग्याची बाजूही आहे. धागा काढण्याच्या यंत्रात पाती लावलेला ड्रम वेगाने फिरतो आणि खोडाची सोपटे हाताने आत धरून परत ओढावी लागतात. उसाच्या चरकात आणि मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या गावोगाव आहेत. सोपट आत जाईल पण बोटे जाणार नाहीत, असे तोंड त्या यंत्राला बसवणे, हा माझ्या मते पिशवीपेक्षा मोठा शोध ठरेल. स्पर्धेत त्याला किती टाळ्या पडतील, हे सांगता येत नाही.

विद्यार्थ्याच्या हातात वेळ किती? एम.टेक. दोन वर्षांचे, त्यात प्रबंधाला साधारण शेवटचे वर्ष. ऊतिसंवर्धित रोपाची केळी हाती यायलाच अकरा-बारा महिने लागतात, पिलापासून लावली तर आणखी. ठिबक किंवा खतमात्रेवर प्रयोग घेतला आणि लागवड चुकली, तर प्रबंध सादर करायची तारीख आधी येते, घड नंतर. खोडाचे तसे नाही. मृगबाग आणि कांदेबाग मिळून जिल्ह्यात वर्षभर कुठे ना कुठे कापणी चालू असते. पैशाचा प्रश्न मात्र उरतोच. गेट उत्तीर्ण विद्यार्थ्याला एआयसीटीईची महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. ज्याने गेट दिलेली नाही, तो वेल्डिंगचा खर्चही बहुधा घरून आणतो.

आणि एवढे करून जे हाती लागते, ते जाते कुठे? पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात. एम.टेक.चे प्रबंध मात्र बहुतेक वेळा विभागाच्या कपाटातच राहतात. मागच्या वर्षी कुणाचे पाते कशाने बोथट झाले, ओल्या धाग्याला पावसाळ्यात बुरशी कधी धरली, हे पुढच्याला कळत नाही. तो पुन्हा पहिल्या खोडापासून सुरुवात करतो.

विभागांनी यंदा एवढे केले तरी चालेल: प्रत्येक प्रबंधाचे एक पान, मराठीत, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर. खोड किती किलोचे, धागा किती ग्रॅम, वीज किती युनिट, आणि काय फसले. फैजपूरचे पान शिरपूरच्या मुलाला वाचता येईल, आणि सावद्याच्या शेतकऱ्यालाही.