मुलांचा पहिला रेकॉर्ड प्लेअर

कर्जत-खालापूरकडच्या घरांत आजोबांच्या पेटीत अजून तबकड्या सापडतात, आणि नातवंडांना त्या ऐकायच्या असतात. नवा प्लेअर घेण्याआधी त्या तबकड्या नीट पाहाव्यात.

लेबलवर 78 हा वेग असेल तर ती लाखेची, पडली की फुटणारी. ‘देवबाप्पा’ (1953) चित्रपटाची गाणी याच जमान्यातली. अशा तबकडीची खाच रुंद असल्याने सुईही वेगळी लागते. 33⅓ किंवा 45 असेल तर ती बहुधा व्हिनाइलची. आजचे बरेच प्लेअर हे दोनच वेग देतात.

स्वस्त सुटकेस प्लेअर दिसायला गोंडस असतो. पण त्यात सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा भार 5-6 ग्रॅमपर्यंत जातो. त्याने तबकडी लवकर झिजते. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी60एक्समध्ये हा भार सुमारे 3 ग्रॅम असतो. बटण दाबले की दांडी आपोआप खाली येते, गाणी संपली की परत जाते. लहान हातांसाठी हे फार मोलाचे. आत प्रीअँपही असल्याने घरातले स्वतःचा अँप असलेले स्पीकर चालतात.

जुन्या तबकड्यांसाठी लोकलने भायखळ्याला उतरून चोरबाजार गाठता येतो. तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे पाहावेत, हाताने कडा आणि लेबलच धरावे.

इकडच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. म्हणून तबकड्या कोरड्या कपाटात, उभ्या, भिंतीपासून थोड्या दूर ठेवाव्यात.