कंठ राखावा की जीव?

आपल्या गळ्याच्या पुढच्या बाजूस जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र असते. त्याचे काम बोलण्याचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. वास्तविक त्याचे पहिले काम द्वारपालाचे आहे. घास गिळताना तो श्वासनलिकेत शिरू नये म्हणून हे यंत्र दार लावून घेते. ही दोन्ही कामे ध्यानात ठेवली म्हणजे आजच्या विषयाचे मर्म कळते.

या यंत्रास कर्करोग जडला तर काय करावे? शल्यवैद्यांचे जुने उत्तर असे की, यंत्रच काढून टाकावे. व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरीस कर्करोगासाठी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. रोग वाढलेला असला म्हणजे पुढे शंभर वर्षे बहुधा हाच मार्ग धरला जाई. जीव वाचे, पण रोग्यास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून जन्मभर श्वास घ्यावा लागे, आणि नातवाला हाक मारण्यापुरताही स्वतःचा आवाज उरत नसे.

हा सौदा अटळ आहे काय, याची परीक्षा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली. ३३२ रोग्यांचे दोन गट केले. एका गटावर शस्त्रक्रिया व नंतर किरणोपचार. दुसऱ्यास आधी औषधे, गाठ आटोपली तर किरण, न आटोपली तर शस्त्रक्रिया. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत शेकडा ६८ रोगी हयात होते, आणि दुसऱ्या गटात शेकडा ६४ जणांचे स्वरयंत्र शाबूत होते.

पुढे औषध व किरण एकाच वेळी देऊन पाहिले. किरण कर्कपेशींच्या गाभ्यावर आघात करतात. सिस्प्लॅटिन हे औषध तो आघात भरून येऊ देत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन वर्षांनी स्वरयंत्र टिकण्याचे प्रमाण या रीतीने शेकडा ८८ होते. आधी औषध देऊन ७५, आणि नुसत्या किरणांनी ७०. तिन्ही गटांत जगण्याचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच होते.

तथापि या उपचाराची किंमत असते. घसा सोलवटतो, गिळणे अवघड होते. औषधाने मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय होऊ शकतो. यंत्र जागेवर राहिले, पण द्वारपालच निकामी झाला, तर अन्न फुप्फुसात उतरते. म्हणून रोग कूर्चा फोडून बाहेर पडला असेल, किंवा यंत्र आधीच निरुपयोगी झाले असेल, तर शस्त्रक्रियाच बहुधा हिताची ठरते. तिच्यानंतरही माणूस मुका राहतोच असे नाही. १९८० मध्ये सिंगर व ब्लॉम यांनी श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्ये छोटी झडप बसविण्याची रीत मांडली; तिच्या साहाय्याने पुष्कळांना बोलता येते.

तेव्हा रोग्याने वैद्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : माझे यंत्र टिकेल काय, आणि टिकले तर काम करील काय? त्याहून महत्त्वाची गोष्ट घरातल्या माणसांनी सांभाळावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, विशेषतः तंबाखू-विडी ओढणाऱ्याचा, तर काढ्यावर भागवू नये; घसा तपासून घ्यावा. रोग लहान असताना नुसत्या किरणांनी किंवा तोंडावाटे केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेनेही बहुतेक वेळा तो बरा होतो. मग कंठ की जीव, हा प्रश्नच सहसा उद्भवत नाही.