सशाच्या खाद्यात मका किती, भुसा किती

इस्लामपूरच्या कुठल्याही पेंडीच्या दुकानात माल भरलेला असतो तो गाय, म्हैस आणि कोंबडीसाठी. सरकी पेंड, गव्हाचा भुसा, मका भरडा, तूरचुणी, ब्रॉयलरचं खाद्य. सशाचं वेगळं पोतं क्वचितच मिळतं, म्हणून ससे पाळणारा यातलंच काहीतरी घेऊन जातो. घ्यायला हरकत नाही. मात्र ससा गाईसारखा रवंथ करत नाही आणि कोंबडीसारखा दाण्यावरही जगत नाही.

त्याची खरी भट्टी आतड्याच्या मागच्या भागात, अंधनालात असते. तिथले जिवाणू चोथा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो आणि त्यातून प्रथिनं व ब जीवनसत्त्वं मिळवतो. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडलं, की त्याच्या आतड्याला जास्त स्टार्च पचवता येत नाही. न पचलेला मका अंधनालात उतरतो, नको ते जिवाणू माजतात, पोट फुगतं आणि जुलाब लागतात. ‘चांगला खुराक’ म्हणून प्रेमाने घातलेला भरडा पिल्लांच्या जिवावर उठतो तो असा.

वाढत्या सशाला 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात आणि तेवढेच महत्त्वाचे 14 ते 16 टक्के तंतू. मक्यात तंतू जेमतेम 2 टक्के, गव्हाच्या भुशात 10 च्या आसपास, तर सोयाबीनच्या टरफलात 35 च्या घरात. म्हणजे बाजारात जे हलकं समजलं जातं, तेच सशाला मानवतं. भुसा खाद्याच्या 20-25 टक्क्यांपर्यंत खुशाल घालावा. त्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं. ही उणीव वाळवलेला लसूणघास भरून काढतो. सुबाभूळ मात्र जपून, कारण त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. खाद्य पिठासारखं बारीक दळू नये. तंतू फार बारीक झाले की आतड्याची गती मंदावते आणि धुळीने ससे शिंकू लागतात.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि मक्याच्या इथेनॉलला जोर चढला. त्यातून उरणारा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, आता पशुखाद्यात सर्रास दिसतो. मक्यातला स्टार्च दारूत निघून गेल्याने उरलेली प्रथिनं, स्निग्धांश आणि तंतू सुमारे तिप्पट होतात. सशासाठी हे सोयीचंच. पण मूळ मक्याला बुरशी असेल तर तिचं विषही तिप्पट होतं, आणि अफ्लाटॉक्सिन सशाला फार लवकर बाधतं. पावसाळ्यात कुबट वास येणारं पोतं स्वस्त मिळालं तरी नाकारावं.

खाद्यात मिसळायच्या औषधांबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कोंबडीच्या खाद्याची. त्यात रक्ती हगवणीवर सॅलिनोमायसिन असू शकतं. कोंबडीला ते चालतं, सशाला विषारी ठरतं. लिंकोमायसिन किंवा ॲम्पिसिलिन तोंडाने दिलं तर अंधनालातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. म्हणून पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय खाद्य आणू नये आणि औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावं. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला फार लांब नाही. यीस्ट आणि प्रोबायोटिकचा थोडाफार उपयोग होतो, पण ते तंतूंची जागा घेऊ शकत नाहीत. भुशात अडकलेला स्फुरद मोकळा करणाऱ्या फायटेज या विकरावर पैसे घालण्याची फारशी गरज नाही. ते काम अंधनालातले जिवाणू बऱ्याच अंशी करतात.

2019 मध्ये इस्लामपुरातूनच चाललेली कडकनाथ कोंबडीची योजना बुडाली आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. आता ससेपालनाची अशी योजना घेऊन येणारा ‘गवतावर जगतो, खर्च नाही’ असं सांगतो. पण वाढत्या सशाला एक किलो वजन वाढण्यासाठी साधारण तीन ते चार किलो खाद्य लागतं. जोडीचा भाव ऐकण्याआधी त्याच्याकडून या खाद्याचा हिशेब कागदावर लिहून घ्यावा.