निवटी आणि दहावीचा धडा

माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, सबब डार्विन शाळांतून काढावा, असे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणाले. विज्ञान अकादमींनी ते खोडून काढले. तरी २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. निमित्त अभ्यासाच्या ओझ्याचे! बारावीत ती उरली, पण जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरती. उद्याच्या कारकुनाला शंका राहील, उत्तर भेटणार नाही. बालभारतीने मात्र २०१८ मध्येच दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तो पहिला धडा केला होता.

मालवणच्या खाड्यांत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी मुलांच्या पाहण्यातली. मासाच तो, पण ओल्या कातडीतून श्वास घेतो, परांवर सरकतो. तो आपला पूर्वज नव्हे, हेही सांगावे. पण पाण्यातला जीव जमिनीवर कसा आला, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून जवळचे काय दाखवणार? गुरुजींनी ओहोटीची वेळ तेवढी साधावी.